धोका आधी, काम मग

लातूर,
३ ऑगस्ट १९९७

प्रिय इकरा,

जयभीम. अम्मीला आणि तुझ्या अब्बांना, खाजाचाचांना, सलाम सांग.

तुझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर शेवटी आमच्या भुजंग सरांच्या क्लासमध्ये येऊन बसलं. मी दिवसभर पोरांच्या चाचण्यांची उत्तरं त्यात भरते, ते गुण मोजतं आणि यादी छापतं. अडलं की एफ-वन दाब, मी लिहिलेली हेल्प उघडेल, असं तू नोकरी लागली तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितलं होतंस. मी दाबलं, आणि तुझी हेल्प उघडली. अगं, वकिलाची नोटीस बरी! ती मदत समजून घ्यायलाच मला मदत लागली. माझ्या हाताखालच्या दोघी पोरी तर एफ-वनला आता हातच लावत नाहीत.

इंग्रजीचं एक वेळ सोड. आपण नांदेडला डिप्लोमा करत होतो तेव्हा निम्मं इंग्रजी तूच मला समजावून द्यायचीस. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. यादी कशी छापायची याच्या तू पाच पायऱ्या लिहिल्यास. सहाव्या ओळीत म्हणतेस, हे सगळं करण्याआधी 'वजा गुण' हे बटण दाबलं आहे ना, याची खात्री करा. म्हणजे चुकलेल्या प्रत्येक उत्तराचा पाव गुण कापायचं बटण. मी तर तोवर पाचही पायऱ्या करून, यादी छापून, चिकटवायला खळ शोधत होते. नशीब, नजर पडली.

तुला ठाऊक आहे, भूकंपाच्या आदल्या वर्षी आमच्या गावात जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. आई म्हणायची, कुणीतरी येईल आणि काय करायचं ते सांगेल. आले ते ढिगारे उपसायलाच आले. त्यात आई गेली, माझा डिप्लोमा गेला, आणि धाकटा भाऊ प्रेम दहा वर्षांचा माझ्या पदरात आला. तेव्हापासून मला एकच नियम कळतो. धोका आधी सांगायचा, काम मग. तू शहाणी आहेस, हेल्पमध्येही तेच कर. आणि जमलं तर मराठीत कर.

तुझी,
रूपाली


नांदेड,
१९ ऑगस्ट १९९७

रूपाली,

तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी सच बोलती." माझ्या बाजूने घरात कुणी नाही.

गुरुपादप्पांकडे, म्हणजे आमच्या मालकांकडे, मराठीची गोष्ट काढली. ते देगलूरचे, फटकन बोलतात. "मराठीत कोन वाचतंय? इंग्लिश बघितलं की गिऱ्हाईक गप बसतंय." विषय संपला.

मग मी ऑफिस सुटल्यावर बसून केली. तुला वाटत असेल, लिहायचं आणि झालं. तसं नसतं गं. वर्डमध्ये लिहायचं, प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक तळटीप द्यायची, त्या तळटिपेत पानाचं गुपित नाव. एका पानावरून दुसऱ्यावर जायचं तर त्या शब्दाखाली दुहेरी रेघ, आणि त्याला चिकटून लपवलेला मजकूर. एवढं करून फाइल कंपायलरच्या, म्हणजे हेल्प बांधणाऱ्या प्रोग्रामच्या, पुढे ठेवायची. एक चिन्ह चुकलं तर तो रुसतो, आणि कुठे चुकलं ते सांगत नाही. सासू बरी म्हणायची.

पण झाली. धोका आधी, काम मग, अगदी तुझ्या हुकुमाप्रमाणे. यादीच्या पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहिलंय: "थांबा. यादी छापण्याआधी 'वजा गुण' दाबा. विसरलात तर यादी चुकेल." आता तरी खूश?

फ्लॉपी नांदेड-लातूर गाडीच्या व्यंकटी कंडक्टरच्या हाती देते. आधी तिच्यातला फॉन्ट बसव, नाहीतर मराठीऐवजी कचरा दिसेल. मग इंग्रजी हेल्पच्या जागी ही फाइल ठेव. नाव मुद्दाम तेच दिलंय, म्हणजे एफ-वन दाबलं की हीच उघडेल. कुणाला सांगू नकोस. हे कंपनीचं नाही, तुझं-माझं आहे.

इकरा


नांदेड,
२८ मार्च १९९९

रूपाली,

बातमी! हेल्प बनवायचं नवं सॉफ्टवेअर आलं ऑफिसात. तळटिपा गेल्या, दुहेरी रेघा गेल्या. डाव्या बाजूला पानांचं झाड दिसतं, पान उचलायचं आणि दुसऱ्या फांदीवर ठेवायचं. दुवा तुटला तर लाल होतो, म्हणजे आता चूक कुठे झाली तेही सांगतो. मी पहिल्या दिवशी नुसती पानं इकडून तिकडे करत बसले. गुरुपादप्पा म्हणाले, "खेळायला आणलंय का?"

याच्यात तुमच्या क्लासच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली. एप्रिलअखेर आमचा माणूस येऊन बसवून जाईल. बरंच काम ते आता आपोआप करतं. हेल्पच्या पहिल्याच पानावर 'नवीन काय' म्हणून लिहिलंय, ते वाच. इंग्रजी आहे, पण सोपं केलंय. मराठीचं जमेल तेव्हा बघू. अब्बांची नजर गेल्यापासून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं काम बंद आहे, मला ऑफिसात जास्तीचं बसावं लागतं.

प्रेमची दहावी कशी गेली? भुजंग सरांच्या मोफत जागांच्या परीक्षेला बसवतेस ना त्याला?

इकरा


लातूर,
१२ जून १९९९

प्रिय इकरा,

पेढे पत्रातून पाठवता येत नाहीत, नाहीतर पाठवले असते. प्रेमचं नाव यादीत लागलं! भूकंपाच्या गावांतल्या पोरांसाठी सर मोफत जागा ठेवतात: शिकवणी, राहणं, जेवण, सगळं दोन वर्षं. त्यांच्या परीक्षेत आमचा प्रेम शेवटून दुसरा. शेवटून असला तरी आत आहे. तो डॉक्टर होणार म्हणून शेजाऱ्यांनी त्याला आत्ताच दुखणी सांगायला सुरुवात केली आहे.

यादी मीच काढली. तुमच्या माणसाने नवी आवृत्ती बसवली आणि एफ-वन पुन्हा इंग्रजी होऊन बसलं. मग मी तुझी जुनी फ्लॉपी शोधून मराठी हेल्प परत तिच्या जागी ठेवली. आता सगळ्या पोरी तीच वाचतात. परवा यादीच्या आधी मीच त्यांना ओरडून सांगितलं, "थांबा! वरचं वाचा आधी! वजा गुण दाबा!" तुझी आठवण आली.

एक पोरगी मात्र डोकं खाऊन गेली. निलंग्याची रुद्राणी. बाप भूकंपात गेला, मामा मन्मथ सांभाळतो, त्याचं सायकलचं दुकान आहे. पोरगी काउंटरला धरून उभी. "मॅडम, मी एकबी सवाल सोडला न्हाई. लई चुकले आसतील तरी एवढे गुण न्हाईत जानार. परत बघा की." मी म्हटलं, बाई, संगणक चुकत नाही. ऐकेना. शेवटी मी पडदा तिच्याकडे फिरवला, एफ-वन दाबलं आणि तुझं पान दाखवलं. "हे बघ, इथं लिहिलंय तसं सगळं केलंय." तिने ओळ न ओळ वाचली आणि निघून गेली. नंतर शिपाई म्हणाला, मामाने तिला सांगितलंय, यादीत नाव लागलं तर शीक, न्हाई तर आषाढ लागायच्या आत लगीन. वाईट वाटलं, पण आपण काय करणार?

तुझी,
रूपाली


नांदेड,
१५ जून १९९९

रूपाली,

हे पत्र व्यंकटीच्या हाती देते आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन भुजंग सरांच्या टेबलावर, आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

तू 'वजा गुण' का दाबलंस?

माझी चूक आहे, मी तुला सांगायला पाहिजे होतं. नव्या आवृत्तीत उत्तरं भरतानाच चुकांचे गुण आपोआप वजा होतात. ते बटण आता फक्त जुन्या परीक्षांसाठी ठेवलंय. 'नवीन काय' मध्ये पहिलंच वाक्य ते आहे. पण ते पान तू पाहिलंच नसशील, कारण तू माझी जुनी मराठी फाइल त्याच्यावर ठेवलीस. आणि त्या फाइलमध्ये मीच ठळक अक्षरात लिहिलंय, दाबा. म्हणजे प्रत्येक चूक दोनदा कापली गेली.

असं झालं असेल तर ज्यांनी भीतीने प्रश्न कोरे सोडले ते वर गेले, आणि ज्यांनी धाडस करून सगळे सोडवले ते खाली आले. त्या पोरीचं बोलणं मला झोपू देत नाही.

तिची उत्तरपत्रिका काढ आणि हाताने गुण मोज. माझं चुकत असलं तर अल्लाचे हजार आभार, मग मला खुशाल शिव्या दे. लगेच कळव.

इकरा


नांदेड,
१९ जून १९९९

रूपाली,

उत्तर नाही. व्यंकटी म्हणतो, पत्र तुझ्याच हातात दिलं.

तू गप्प आहेस म्हणजे मी म्हटलं ते खरं निघालं. आणि तू गप्प का आहेस तेही मला कळतं. शेवटून दुसरा. मागचं पत्र लिहिताना ते माझ्या मनात होतं, पण कागदावर उतरेना.

ऐक. मी दोन दिवस विचार केला. ती मराठी फाइल पुसून टाक. आमच्या माणसाने दिलेल्या फ्लॉपीतून इंग्रजी हेल्प परत ठेव. कुणी विचारलंच तर सांग, यादी संगणकाने काढली. कुणी विचारणारही नाही. फळ्यावर लागलेली यादी कोण परत मोजतं? गुरुपादप्पांना कळलं की मी त्यांच्या नाकाखाली दुसरी हेल्प वाटली, तर मला त्याच दिवशी घरी पाठवतील. माझ्या घरात आता दुसरं कुणी कमावत नाही. तुझं तर मी काय सांगू, प्रेमचा विचार कर.

मला हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते आहे. फाइल पुस, रूपाली.

इकरा


लातूर,
२० जून १९९९

इकरा,

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मोजलं. एकटीचं नाही, सगळ्यांचं मोजलं. दार लावून घेतलं आणि पोरींना सांगितलं, डोकं दुखतंय. वर-खाली बरंच झालंय, पण यादीच्या आत-बाहेर दोघंच. रुद्राणी आत येते, बाराव्या नंबरावर. प्रेम बाहेर जातो.

त्याने कितीतरी प्रश्न कोरे सोडले होते. मीच शिकवलंय त्याला, येत नसेल तिथं हात घालू नको म्हणून.

चार दिवस मी काहीच केलं नाही. तुला उत्तर दिलं नाही, सरांना सांगितलं नाही. रोज सकाळी क्लासला जायचे आणि फळ्यासमोरून मान खाली घालून आत शिरायचे. मग काल तुझं दुसरं पत्र आलं. इकरा, तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता. पुसून टाक म्हणतेस! कारण मीही चार दिवस तेच करायचं म्हणत होते, आणि माझ्या मनातलं मला दुसऱ्याच्या अक्षरात वाचायला मिळालं.

पोरीला आज शिपायाकडून निरोप धाडला की थोडं थांब. तो परत आला आणि म्हणाला, शुक्रवारी सुपारी आहे. मुलाकडचे उदगीरहून येणार. एकदा सुपारी फुटली की मामा शब्द फिरवणार नाही, आणि सोळा वर्षांच्या पोरीचं वय कोण विचारतंय?

मग आत्ता सरांसमोर गेले आणि सगळं सांगितलं. फाइल, बटण, प्रेमसुद्धा. तू दिलीस हे सांगितलं नाही, मी कुठून तरी आणली म्हणाले. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "रूपाली, फळ्यावर लागलं ते लागलं. पेपरात जाहिरात गेली. आता यादी बदलली तर गावभर होईल, यांचं गणितच कच्चं. तुझ्या भावाचीच जागा वाचली ना? मग गप बस की." मी म्हटलं, माझ्या भावाचंच नाव काढून घेते. तर म्हणाले, काढ, त्याच्या जागी या यादीतला पुढचा घेईन. ती पोरगी या यादीत खूप खाली आहे.

माझ्याने पुढे काही होत नाही. त्यांना माझं ऐकायचं कारण नाही. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांचंच ऐकतील. मी तुझं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. तुझं तू ठरव.

रूपाली


नांदेड,
२२ जून १९९९

रूपाली,

सांगितलं.

काल सकाळी गुरुपादप्पा अगरबत्ती लावत होते तेव्हाच समोर जाऊन उभी राहिले. अम्मीला रात्रीच सांगून ठेवलं होतं की उद्यापासून कदाचित घरीच असेन. ती म्हणाली, "बोल के आ. रोटी का देखते." अब्बांनी नुसता हात डोक्यावर ठेवला.

गुरुपादप्पा आधी मला बोलले. ते लिहिण्यासारखं नाही. मग एकदम थांबले आणि विचारलं, "म्हंजे सॉफ्टवेअरनं बरोबर केलं?" मी म्हटलं, हो, सॉफ्टवेअरने बरोबरच केलं, माझ्या हेल्पने चुकीचं सांगितलं. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग स्वतः मशीनवर बसून दहा-वीस उत्तरं भरून पाहिली. एकदा दाबून, एकदा न दाबता. मला नोकरीची काळजी, आणि ते खूश होत चालले होते.

"मग ती यादी आमची न्हाईच! भुजंगरावांनी आमच्या नावावर खोटी यादी लावली हाय!"

रूपाली, त्यांना रुद्राणीचं काही नाही, तुझं-माझं तर नाहीच. पण सॉफ्टवेअरला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नाही. परवाच्या पहिल्या गाडीने ते स्वतः लातूरला येतायत. उद्या म्हटलं तर नांदेडच्या एका क्लासमध्ये बसवायचं काम आहे, ते सोडवत नाही त्यांना. म्हणजे गुरुवार. शुक्रवारच्या आत एवढाच एक दिवस.

मला म्हणाले, मी परत येईपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. मी घरी बसून हे लिहिते आहे. त्या पत्राबद्दल माफ कर. तू रागावलीस ते बरं केलंस.

प्रेमला सांगितलंस का?

इकरा


लातूर,
२६ जून १९९९

इकरा,

क्रमाने सांगते, नाहीतर माझंच मला सुधरणार नाही.

गुरुवारी गुरुपादप्पा आले. सरांच्या खोलीत चहासुद्धा घेतला नाही. बाहेर पोरं-पालक बसलेले, आणि यांचा आवाज तर देगलूरला ऐकू जाईल असा. "माझं सॉफ्टवेअर एकदाच वजा करतंय. तुमच्या माणसांनी दोनदा केलं. आता हे तुम्ही दुरुस्त करताव, का मी नांदेडच्या साऱ्या क्लासवाल्यांना सांगू?" सर उठून दार लावायला गेले तर यांनी दार धरून ठेवलं. बाहेरच्या एका बाईने विचारलं, "काय दोनदा वजा केलं वो?" तिथंच सर हरले.

नवी यादी मीच छापली, वजा गुणाला हात न लावता. शुक्रवारी सकाळी शिपाई फळ्यावर लावणार असं ठरलं. सरांनी मला संगणकावरून काढून वसतिगृहाच्या कामावर टाकलंय. ते असू दे. जाताना गुरुपादप्पा पायरीवर थांबले. म्हणाले, "त्या इकराला सांगा, सोमवारी कामाला ये म्हनावं. आन मराठीत लिहायचं तर कंपनीच्या नावानं लिही, कोन्त्या आवृत्तीचं हाय ते वर टाकून." माणूस खडूस आहे, पण मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी प्रेमला सांगणार होते. तो भाकरी खाता खाता विचारत होता, वसतिगृहात गादी आपली न्यायची का. मी म्हटलं, बघू. आणखी एकदा तोंड उघडलं, तर तो म्हणाला, तू दमलीस, झोप. मी झोपले, इकरा. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी निलंग्याची पहिली गाडी धरायची होती, आणि तो गाढ झोपला होता.

निलंग्याच्या स्टँडवरून सायकलचं दुकान विचारत गेले. दुकान बंद, घरात गर्दी. ओसरीत सतरंजी, मध्ये पाट, पाटावर सुपारी आणि अडकित्ता. उदगीरचे पाहुणे पाय धूत होते. मी तशीच आत घुसले. म्हटलं, मन्मथमामा, हिचं नाव यादीत लागलंय. आमची चूक झाली होती, ही नवी यादी.

मामाने कागद घेतला, उलटा करून पाहिला, परत सरळ केला. "आदी न्हवतं, आता कसं लागलं?"

मी सांगितलं. सगळे ऐकत होते. पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला, "आता हे काय नवंच? आमी हितवर आलो ते?" मामा अडकित्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात आतून रुद्राणी दारात आली, नवं लुगडं नेसलेली, आणि एवढंच म्हणाली, "मामा, तुमी शबुद दिलता. नाव लागलं तर शीक म्हनून. तो आदीचा शबुद हाय."

मामाने अडकित्ता बाजूला सारला. मग त्याने सुपारी उचलून खिशात टाकली आणि पाहुण्यांना हात जोडले. म्हातारा तणतणत उठला. मामा मला म्हणाला, "जावा आता. गाडी हाय." वाटेपर्यंत रुद्राणी सोबत आली. तिने विचारलं, माझं नाव आलं तर कुणाचं गेलं? मी म्हटलं, हाय एक पोरगा.

दुपारी लातूरला परत आले. प्रेम घरी नव्हता. सकाळी मित्रांना आपलं नाव दाखवायला म्हणून तो फळ्यापाशी घेऊन गेला होता. सगळ्यांसमोर त्याने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. शिपायाने सांगितलं, "तुज्या अक्कानंच छापली की काल."

रात्री आला. मी समजावलं. तो म्हणाला, "बरोबर केलंस." जेवला आणि झोपला. इकरा, तो भांडला असता तर बरं झालं असतं. काल रात्रीपासून त्याने मला एकदाही अक्का म्हणून हाक मारलेली नाही.

रूपाली


हैदराबाद,
४ नोव्हेंबर २००७

प्रिय रूपाली,

मेल करता आला असता, पण तुझ्याशी मेलवर बोलले की ऑफिसचं बोलल्यासारखं वाटतं.

इथल्या कंपनीत आता हेल्प एकदाच लिहितो, आणि त्यातूनच पुस्तक, पडदा, वेबसाइट सगळं निघतं. मराठीला फॉन्टची फ्लॉपी लागत नाही. कुठलंही वाक्य बदललं की ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते सॉफ्टवेअरच लिहून ठेवतं. परवा गंमत म्हणून तुझी ती सत्त्याण्णवची फाइल नव्या संगणकावर उघडायला गेले, तर उघडेचना. त्या जातीच्या हेल्प आता चालत नाहीत म्हणे. दहा वर्षांत फाइल म्हातारी होऊन मेली, आणि आपण दोघी अजून तिशीच ओलांडतोय.

काम सांगते. ज्युनिअर कॉलेजांच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची मराठी हेल्प मी लिहिली आहे, यावेळी कंपनीच्या नावाने. कच्ची प्रत सीडीवर पाठवते. तू म्हणाली होतीस, प्रेम चाकूरच्या कॉलेजात ऑफिसला आहे आणि प्रवेशाचं काम तोच बघतो. त्याला वाचायला देशील? खऱ्या माणसाने वाचली पाहिजे. प्रत्येक पानाखाली एक प्रश्न आहे: 'या मदतीचा उपयोग झाला का? हो / नाही.' त्याने खरं ते दाबावं. नाही असेल तर नाही.

अम्मी तुझी आठवण काढते.

इकरा


लातूर,
२५ नोव्हेंबर २००७

प्रिय इकरा,

प्रेम रविवारचा येतो. येतो, जेवतो, वर्तमानपत्र वाचतो आणि शेवटच्या गाडीने जातो. मला काही सांगायचं असलं तर "ऐक" म्हणतो. आठ वर्षं मी "ऐक" आहे. तो सरकारी कॉलेजात शिकला, मेडिकलचे गुण थोडक्यात हुकले, त्याने त्याचा कधी उच्चार केला नाही. रुद्राणीने फार्मसी केली. निलंग्यात मामाच्या सायकल दुकानाशेजारी तिचं औषधाचं दुकान आहे. तेही त्याला ठाऊक आहे. तिच्याकडून एकदा माझ्या गुडघ्याचं मलम आणून दिलं, न बोलता.

आज मी सीडी लावून दिली आणि भाजी निवडायला बाजूला बसले. तो पानं उघडत गेला. मध्येच म्हणाला, "हे इथं चुकलंय, आमच्याकडं फॉर्म आधी लागतो." मी टिपून घेतलं, वेगळ्या कागदावर लिहून पाठवते. मग तो यादीच्या पानावर आला आणि थांबला. मला वाटलं, अडलं काहीतरी. म्हणून उठून मागे उभी राहिले.

पानाच्या डोक्यावर तू लिहिलंयस: "थांबा. यादी बदलण्याआधी, ज्यांचं नाव यादीतून निघणार आहे त्यांना स्वतः सांगा. त्यांना फळ्यावरून कळू देऊ नका."

त्याने ते दोनदा वाचलं असावं. मग विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"इकरानं."

"सॉफ्टवेअरचं आसलं कुठं आसतंय का?"

 पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "जागा गेली त्याचं मला कायबी न्हाई. तिची व्हती, तिला मिळाली. पर रातच्याला मी तुला गादीचं इचारलं, तवा तू बघू म्हनलीस. मला तवा सांगायचं व्हतं."

मी म्हटलं, हो रे, तेव्हाच सांगायचं होतं.

 त्याने पानाच्या तळाशी जाऊन 'हो' दाबलं. मग खुर्ची मागे सरकवली, डोळे चोळले आणि म्हणाला, "अक्का, चहा ठेव."

इकरा, मी चहा ठेवलाय. तो दारात उभा राहून, दूध जास्त घाल म्हणतोय. उतू जाईल, थांबते.

तुझी,
रूपाली